अतिशीत जतन आणि वनस्पतिपेशींचे पुनरुज्जीवन : कोल्हापूरच्या ऊसशेतीच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वनस्पतीच्या पेशी उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये दीर्घकाळ साठवून ठेवता येतात आणि पुढे त्यांपासून पुन्हा पूर्ण वनस्पती वाढविता येते, ही गोष्ट आज जैवतंत्रज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत रुळलेली आहे. क्रायोप्रिझर्व्हेशन अर्थात अतिशीत जतन या नावाने ते तंत्र ओळखले जाते. या तंत्राचा इतिहास सामान्यतः ‘गोठविण्याचा’ इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणी, कोणत्या वर्षी, किती खालच्या तापमानाला पेशी नेल्या, याची नोंद त्यात असते. परंतु गोठविणे हा या प्रक्रियेचा निम्माच भाग होय. गोठविलेले परत मिळविणे हा उरलेला भाग अधिक कठीण असून ‘परत मिळविणे’ याचा अर्थही गेल्या सात दशकांत टप्प्याटप्प्याने बदलत गेला आहे.

प्रारंभी पेशी मेली नाही एवढ्यावर संशोधकांचे समाधान होत असे. पुढे ती पेशी विभाजित झाली पाहिजे, त्यानंतर तिच्यापासून रोप मिळाले पाहिजे आणि अखेरीस ते रोप मूळ वाणासारखेच निपजले पाहिजे, अशी अपेक्षा वाढत गेली. प्रस्तुत लेखात हा बदल कालानुक्रमे तपासला असून कोल्हापूर परिसराचे प्रमुख पीक असलेल्या उसाच्या संदर्भात त्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला आहे. उसाची निवड दोन कारणांनी केली आहे. एक तर हे पीक बियांवर नव्हे, तर बेण्यावर टिकून आहे. दुसरे असे की अतिशीत जतनाच्या इतिहासात उष्ण कटिबंधातील वनस्पतीचे प्रारंभीचे महत्त्वाचे उदाहरण म्हणून उसाचे स्थान आहे.

कोल्हापूरचा ऊस आणि बेण्याची परंपरा

राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १८९५ मध्ये शाहूपुरी येथे गुळाची बाजारपेठ वसविण्यात आली. राधानगरी धरणाचे कामही त्यांच्याच काळात हाती घेण्यात आले. पाणी आणि बाजारपेठ या दोन आधारांवर या भागातील ऊसशेती विस्तारली. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्यामागे ही शतकभराची परंपरा उभी आहे.

उसाची लागवड कांडीपासून, म्हणजे एक, दोन किंवा तीन डोळ्यांच्या टिपऱ्यांपासून होते. उसाला तुरा येतो. परंतु त्याच्या बियांपासून येणारे प्रत्येक रोप गुणांनी वेगळे निघते. नवा वाण पैदा करण्यासाठी पैदासकाराला बी उपयोगी पडते. तयार वाण जसाच्या तसा राखण्यासाठी मात्र त्याचा उपयोग नाही. त्यामुळे एखाद्या वाणाचा जिल्हाभरातील सर्व ऊस हा वस्तुतः एकाच मूळ रोपाचा विस्तार असतो. ज्वारी वा भाताचे बी कोरडे करून शीतगृहात ठेवता येते. उसाचा वाण मात्र पुन्हा पुन्हा लावूनच जिवंत ठेवावा लागतो.

या पद्धतीचे दोन परिणाम होतात. पहिला परिणाम रोगांचा. मोझॅक, गवताळ वाढ, काणी यांसारखे रोग बेण्याबरोबर एका हंगामातून दुसऱ्या हंगामात जातात. म्हणूनच बेण्यावर उष्ण बाष्पयुक्त हवेची प्रक्रिया करणे आणि मूलभूत, पायाभूत व प्रमाणित अशा तीन पायऱ्यांनी बेणेमळा वाढविणे ही पद्धत रूढ झाली. दुसरा परिणाम वाणांच्या विस्मरणाचा. दख्खनच्या बागायती भागात एकेकाळी पुंड्या ऊस प्रसिद्ध होता. जावातून आलेला पीओजे २८७८ आणि कोइमतूर येथे पैदा झालेला को ४१९ या वाणांनी त्याची जागा घेतली. त्यानंतर को ७४० महाराष्ट्रात दीर्घकाळ प्रमुख वाण राहिला आणि १९९० च्या दशकापासून को ८६०३२ ने ते स्थान मिळविले. प्रत्येक नव्या वाणाबरोबर जुना वाण शेतातून हटला. शेतकऱ्याने बेणे ठेवले नाही की तो वाण केवळ संशोधन केंद्राच्या वाफ्यात उरतो.

अशा वाफ्यांनाच शेतावरील जनुकपेढी असे म्हणतात. कोइमतूर येथे १९१२ मध्ये स्थापन झालेली ऊस पैदास संस्था आणि तिचे केरळमधील कण्णूर येथील केंद्र या कामासाठी जगभर ओळखले जातात. परंतु वाफ्यातील संग्रहाला जागा, पाणी, मजुरी व रोगनियंत्रण यांचा खर्च दरवर्षी करावा लागतो. एखादी रोगाची साथ, पूर किंवा पाटी बदलण्यासारखी किरकोळ चूकही संग्रहातील एखादा वाण कायमचा नष्ट करू शकते. उसाच्या संदर्भात अतिशीत जतनाचा विचार या अडचणीतून पुढे आला.

शीतजतनाचा पूर्वेतिहास

या तंत्राचा पाया वनस्पतींवर नव्हे, तर प्राण्यांच्या पेशींवर घातला गेला. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी ग्लिसरॉल मिसळल्यास कोंबड्याचे शुक्राणू गोठविल्यानंतरही जिवंत राहू शकतात, असे दाखवून दिले. कोल्हापूर जिल्ह्याला या शोधाचे फळ परिचित आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा सहकारी दूध संघाच्या कार्यक्षेत्रात कृत्रिम रेतनासाठी वापरले जाणारे द्रवनायट्रोजनचे भांडे गावोगावच्या गोठ्यापर्यंत पोहोचले आहे. गाईम्हशींच्या बाबतीत जे तंत्र ग्रामीण व्यवहाराचा भाग बनले, तेच वनस्पतीच्या बाबतीत प्रयोगशाळेबाहेर फारसे आले नाही. यामागील मुख्य कारण वनस्पतिपेशीच्या रचनेत आहे.

गोठताना पेशी मरते ती केवळ थंडीमुळे नव्हे. १९५३ मध्ये लव्हलॉक यांनी तांबड्या रक्तपेशींवरील अभ्यासातून दाखविले की, पाण्याचा बर्फ होऊ लागला की उरलेल्या द्रवातील क्षारांची तीव्रता वाढते आणि त्यामुळे पेशीपटलाला इजा होते. १९५९ मध्ये लव्हलॉक व बिशप यांनी डायमिथिल सल्फॉक्साइड हे दुसरे संरक्षक रसायन पुढे आणले. १९७२ मध्ये माझूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन घटकांचा सिद्धान्त मांडला. थंड करण्याचा वेग फार कमी असेल तर पेशी दीर्घकाळ तीव्र द्रावणात राहून निर्जल होते. वेग फार जास्त असेल तर पेशीतील पाणी बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही आणि आतच बर्फाचे स्फटिक तयार होतात. या दोहोंच्या मधला वेग शोधणे हे शीतजतनाचे सूत्र ठरले.

वनस्पतिपेशीत ही अडचण अधिक बिकट होते. पूर्ण वाढलेल्या वनस्पतिपेशीचा बहुतांश भाग पाण्याने भरलेल्या रिक्तिकेने व्यापलेला असतो. निसर्गाने शीत प्रदेशातील वृक्षांना यावर उपाय दिला आहे. जपानमधील होक्काइडो विद्यापीठातील अकिरा साकाई यांनी १९६० मध्ये, हिवाळ्याला सरावलेल्या वृक्षांच्या फांद्या योग्य रीतीने आधी गोठविल्यास द्रवनायट्रोजनमधूनही जिवंत परत येतात, हे सिद्ध केले. परंतु ज्या वनस्पतीने हिवाळ्यातील बर्फ कधी अनुभवलाच नाही, तिचे काय, हा प्रश्न त्यामुळे सुटला नाही.

ऊतिसंवर्धन : उपाय आणि नवी अडचण

याच काळात ऊतिसंवर्धनाची दुसरी परंपरा आकाराला येत होती. १९०२ मध्ये हाबरलांट यांनी सुट्या वनस्पतिपेशी कृत्रिम माध्यमात वाढविण्याची कल्पना मांडली. १९३९ मध्ये गोत्रे, नोबेकूर आणि व्हाइट यांनी स्वतंत्रपणे अमर्याद वाढणारे ऊतिसंवर्धन साध्य केले. १९५८ मध्ये गाजराच्या पेशींपासून भ्रूणसदृश रचना व रोपे मिळाली. १९६२ मध्ये मुराशिगे व स्कूग यांनी तयार केलेले पोषकमाध्यम पुढे जगभर प्रमाण मानले गेले.

उसाच्या बाबतीत हवाई बेटांवरील संशोधनाला विशेष महत्त्व आहे. हाइन्झ आणि मी यांनी १९६९ मध्ये उसाच्या कॅलसपासून, म्हणजे अविभेदित पेशींच्या गोळ्यापासून, रोपे मिळविली. बेण्याच्या प्रश्नाला उत्तर सापडले असे वाटावे, अशी ही घटना होती. परंतु १९७१ मध्ये त्याच संशोधकांनी कॅलसपासून आलेल्या रोपांत बाह्यस्वरूप, गुणसूत्रे व विकरे यांत भिन्नता आढळल्याचे नोंदविले. लार्किन व स्कोक्रॉफ्ट यांनी १९८१ मध्ये अशा बदलांना ‘सोमाक्लोनल विविधता’ ही संज्ञा दिली.

नवा वाण शोधणाऱ्याला ही विविधता लाभाची आहे. जुना वाण जपणाऱ्याला ती घातक आहे. संवर्धनातील पेशी ठराविक दिवसांनी ताज्या माध्यमावर हलवाव्या लागतात. प्रत्येक वेळी जंतुसंसर्गाची शक्यता असते, पेशींची रोपे देण्याची क्षमता हळूहळू घटते आणि आनुवंशिक बदल साचत जातात. बेणे जपण्यासाठी काचनळी आली आणि काचनळीतील पेशी जपण्याचा नवा प्रश्न उभा राहिला. पेशींची वाढ पूर्णपणे थांबवून त्यांचा काळच स्थगित करणे हा त्यावरील उपाय होता.

गाजरापासून उसापर्यंत : पुनरुज्जीवनाच्या अर्थाचा विस्तार

संवर्धित वनस्पतिपेशी गोठविण्याचा पहिला ठळक प्रयोग १९६८ चा. क्वाट्रानो यांनी जवसाच्या पेशी डायमिथिल सल्फॉक्साइडच्या साहाय्याने उणे ५० अंशांपर्यंत नेऊन त्यांतील काही जिवंत असल्याचे दाखविले. १९७१ मध्ये लट्टा यांनी निलंबित संवर्धनातील पेशींवर असेच प्रयोग केले. या टप्प्यावर यशाचे माप ‘जिवंतपणा’ हे होते. रंगद्रव्यांच्या कसोटीने पेशीतील विकरे कार्यरत आहेत की नाहीत हे पाहिले जाई. परंतु गोठणातून आलेली पेशी काही तास रंग घेते आणि नंतर मरते, असेही घडू शकते. रंगाची कसोटी पेशीची त्या क्षणीची अवस्था सांगते, तिचे भवितव्य सांगत नाही.

१९७३ मध्ये नाग आणि स्ट्रीट यांनी गोठविलेल्या गाजरपेशींपासून भ्रूणे मिळविली आणि यशाचे माप एकदम उंचावले. पेशी जगणे पुरेसे नव्हते. तिने वनस्पती घडविण्याची मूळ क्षमता राखणे आवश्यक ठरले. १९७६ मध्ये भारतीय शास्त्रज्ञ वाय. पी. एस. बजाज यांनी गोठविलेल्या निलंबित पेशींपासून रोपांची पुनर्निर्मिती नोंदविली. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या रायनर्ट व बजाज यांच्या ग्रंथात पेशीसंवर्धनाच्या शीतजतनाचा संबंध जनुकपेढ्यांच्या स्थापनेशी स्पष्टपणे जोडण्यात आला.

विदर्स व किंग यांच्या १९७९-८० मधील कार्याने या पद्धतीला शिस्त आली. वेगाने विभाजित होणाऱ्या, लहान व जीवद्रव्याने भरलेल्या पेशी निवडणे. ग्लिसरॉल, डायमिथिल सल्फॉक्साइड व प्रोलिन यांसारख्या संरक्षकांचे मिश्रण वापरणे. मिनिटाला सुमारे एक अंश या वेगाने उणे ३५ अंशांपर्यंत थंड करणे. तेथे काही वेळ थांबून नंतर द्रवनायट्रोजनमध्ये टाकणे, हा क्रम रूढ झाला. परतीच्या प्रवासाचेही नियम ठरले. पेशी सुमारे ४० अंशांच्या कोमट पाण्यात झटपट वितळवाव्या लागतात, कारण सावकाश वितळताना सूक्ष्म स्फटिक पुन्हा मोठे होतात. वितळल्यावर संरक्षक रसायन धुऊन टाकणे स्वाभाविक वाटते. प्रत्यक्षात घाईने धुतल्यास दुबळ्या पेशी दगावतात. त्यांना न धुता अर्धघन माध्यमावर पसरून स्वतः सावरू देणे अधिक हितावह असते, हे अनुभवाने सिद्ध झाले.

याच सुमारास ऊस या इतिहासात आला. १९७९ मध्ये अमेरिकेतील उलरिच व फिंकल यांनी हवाईतील सहकाऱ्यांसह, एकाच संरक्षकाऐवजी पॉलिएथिलिन ग्लायकॉल, ग्लुकोज आणि डायमिथिल सल्फॉक्साइड यांचे मिश्रण वापरून उसाच्या पेशी द्रवनायट्रोजनमधून जिवंत परत आणल्या. साकाईंच्या फांद्यांना हिवाळ्याने तयार केले होते. उसाच्या पेशींची तयारी रसायनांनी करावी लागली. उष्ण प्रदेशातील वनस्पतीही गोठणातून परतू शकते, हे यातून सिद्ध झाले.

तरीही उसाचे रोप परत यायला आणखी काही वर्षे जावी लागली. १९९० मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात ज्ञानप्रगासम व इंद्र वसिल यांनी व्यापारी लागवडीतील उसाच्या भ्रूणजनक निलंबित पेशी गोठवून त्यांपासून रोपे मिळविली. वसिल हे दिल्ली विद्यापीठात पंचानन महेश्वरी यांच्या परंपरेत घडलेले वनस्पतिशास्त्रज्ञ, हा या इतिहासातील भारतीय दुवा होय. त्याच वर्षी साकाई व सहकाऱ्यांनी संत्रावर्गीय पेशींसाठी काचीकरणाची पद्धत मांडली. तीत अतितीव्र द्रावणामुळे पाण्याचा बर्फ न होता काचेसारखा घन तयार होतो आणि वेगनियंत्रक यंत्राची गरज उरत नाही. १९९३ मध्ये पोले, एंगेलमान व ग्लाझमान यांनी उसाची शेंड्याची वाढबिंदू-ऊती मण्यांत बंदिस्त करून व सुकवून गोठविण्याची रीत दाखविली. वाढबिंदूत पेशींची मांडणी अबाधित राहत असल्याने कॅलसच्या तुलनेत वाण बदलण्याची भीती कमी असते.

शेवटची पायरी शेतातील होती. क्यूबातील संशोधकांनी गोठविलेल्या कॅलसपासून आलेला ऊस शेतात लावून त्याची तुलना नेहमीच्या उसाशी केली आणि २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाढीच्या प्रारंभीच्या काळात दिसलेले फरक पुढे नाहीसे झाले, असे त्यांना आढळले. १९६८ मध्ये रंग घेणाऱ्या पेशीपाशी थांबलेली कसोटी अशा रीतीने उसाच्या फडापर्यंत येऊन पोहोचली.

भारतीय व महाराष्ट्रीय संदर्भ

भारतात १९७६ मध्ये राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोची स्थापना झाली. १९८६ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने तेथे वनस्पती ऊतिसंवर्धनांच्या संग्रहासाठी राष्ट्रीय सुविधा उभारण्यात आली. बियांनी न टिकणाऱ्या पिकांचे काचनळीतील व अतिशीत जतन हा तिच्या कार्याचा गाभा आहे.

महाराष्ट्रात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील हेंद्रे, मस्करेन्हास, जगन्नाथन व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये वाढबिंदूपासून मोझॅकमुक्त उसाची रोपे मिळविल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या व आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने परिचित असलेल्या मांजरी येथील संस्थेने पुढे ऊतिसंवर्धित रोपे साखर कारखान्यांच्या बेणेमळ्यांपर्यंत पोहोचविली. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, महाराष्ट्रात ऊतिसंवर्धन आले ते प्रामुख्याने चालू वाणाच्या जलद व निरोगी वाढीसाठी. मागे पडलेल्या वाणाची साठवण हा त्यामागील प्रधान हेतू नव्हता. कारखान्याला पुढील हंगामाचे बेणे हवे असते. पन्नास वर्षांपूर्वीच्या वाणाची मागणी कोणाचीच नसते.

पेशीसंवर्धनाच्या साठवणीची गरज कोल्हापूरच्या पश्चिमेकडील घाटमाथ्यावरील एका वृक्षानेही अधोरेखित केली आहे. कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य १९६६ मध्ये वॉल व वाणी यांनी एका चिनी वृक्षातून वेगळे केले. १९७२ मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन यांना ते सह्याद्रीतील नरक्या या वृक्षात आढळले आणि त्यानंतर नरक्याची मोठ्या प्रमाणावर तोड झाली. २००१ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी नरक्याच्या निलंबित पेशींतून हे द्रव्य मिळविता येते, असे प्रसिद्ध केले. झाड न तोडता औषध मिळण्याची ही दिशा आहे. मात्र अशी चांगली पेशीवंशावळ वारंवारच्या संवर्धनात आपली उत्पादनक्षमता गमावू शकते. ती टिकविण्यासाठीही अतिशीत पेढीचाच आधार घ्यावा लागतो.

चर्चा

वरील इतिहासातून एक सुसंगत क्रम दिसतो. पुनरुज्जीवनाची प्रत्येक नवी कसोटी आधीच्या कसोटीच्या अपुरेपणातून जन्मली. जिवंत पेशी विभाजित होईनाशी झाली तेव्हा विभाजनाची कसोटी आली. विभाजित पेशी रोप देईनाशी झाली तेव्हा रोपाची. रोप मूळ वाणापासून ढळले तेव्हा शेतातील तुलनेची. उसासारख्या पिकात शेवटची कसोटी आणखी पुढे जाते. गुळासाठी राखलेल्या वाणाची ओळख केवळ कांड्याच्या जाडीवरून व उंचीवरून होत नाही. रसाची गोडी, काकवी न सुटता ढेप घट्ट बसणे, गुळाचा रंग व टिकाऊपणा यांवरून ती होते. ही पारख गुऱ्हाळावरील गुळव्याला असते. त्यामुळे एखादा वाण शंभर वर्षे द्रवनायट्रोजनमध्ये सुरक्षित राहिला, तरी तो परत आल्यावर ‘हाच तो’ असे ओळखणारी जाण मधल्या काळात लोप पावली, तर पुनरुज्जीवन अपुरे राहील.

याचा अर्थ अतिशीत पेढी अनावश्यक आहे असा नाही. शेतातील वाफा रोगाला व पुराला उघडा असतो, तर द्रवनायट्रोजनमधील नमुना या दोहोंपासून सुरक्षित असतो. २०१९ व २०२१ च्या महापुरांत पंचगंगा खोऱ्यातील ऊस पाण्याखाली गेला, हे पाहता एकाच ठिकाणच्या जिवंत संग्रहावर विसंबण्यातील धोका वेगळा सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि पेढीलाही निरंतर देखभाल लागते. द्रवनायट्रोजन सतत उडून जात असतो व तो वेळोवेळी भरावा लागतो. नमुन्यांच्या नोंदी नेटक्या नसतील, तर गोठलेली नळी ही पाटी हरवलेल्या वाफ्याइतकीच निरुपयोगी ठरते.

समारोप

वनस्पतिपेशींच्या अतिशीत जतनाचा इतिहास हा निसर्गाच्या काळाला काही काळ थोपवून धरण्याच्या मानवी प्रयत्नांचा इतिहास आहे. त्यात कोल्हापूरचे प्रमुख पीक प्रारंभीपासून आहे. मात्र त्यावरील निर्णायक प्रयोग हवाई, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा व क्यूबा येथे झाले. तंत्र आज उपलब्ध आहे. कोणते वाण राखावयाचे, याचा निर्णय ते शेतातून हटण्यापूर्वी घेणे, ही यापुढील मुख्य गोष्ट होय. पुंड्यासारखा वाण शेतातून गेला तेव्हा हे तंत्र अस्तित्वात नव्हते. आज मागे पडणाऱ्या वाणांच्या बाबतीत तशी सबब राहिलेली नाही. त्या निर्णयासाठी कोल्हापूरचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र, विद्यापीठ व महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्र विभाग आणि गुऱ्हाळे चालविणारे शेतकरी यांच्या ज्ञानाची एकत्र नोंद होणे आवश्यक आहे. द्रवनायट्रोजनच्या भांड्यात वाणाची पेशी राहील. त्या वाणाची ओळख मात्र माणसांच्या जाणत्या परंपरेतच राहू शकते. या दोहोंचे जतन बरोबरीने झाले, तरच गोठविलेली पेशी खऱ्या अर्थाने परत मिळाली असे म्हणता येईल.